एकवीस नगराध्यक्ष आणि एक पिंजरा

शेजाऱ्याची वस्तू आपल्याला दिसते की नाही, यावर समाजाचे स्वास्थ्य अवलंबून असते. दिसली नाही तर शांतता राहते. दिसली तर ती मोजावी लागते. ऑक्टोबरातल्या पहिल्या रविवारी नेव्हिल क्रोकरने मोजणी केली, तेव्हा शेजारच्या आयव्ही पेटिग्रू यांची मांजरे पुढीलप्रमाणे आढळली: सामाईक कुंपणावर सात, शेडच्या पत्र्यावर पाच, नेव्हिलच्या गाडीच्या बॉनेटवर तीन (इंजिन गरम होते), नेव्हिलच्या गाजरांच्या वाफ्यात दोन (प्रयोजन नमूद करण्याजोगे नाही) आणि आयव्हीबाईंच्या खिडकीत चार. एकूण एकवीस. मोजणी तीनदा झाली. आधी वीस भरली, मग बावीस. पण हा दोष मोजणाऱ्याचा नसून मांजरांचा होता. कुरांबीन नगरपरिषदेच्या नियमाप्रमाणे दर घरी दोन मांजरांना परवानगी आहे.

आयव्हीबाईंनी मांजरांना गावाच्या आजवरच्या नगराध्यक्षांची नावे दिली होती. "तेही असेच होते," त्या सांगत. "खायला असलं की हजर, काम निघालं की पत्र्यावर." सगळ्यांत थोराड तांबडा बोका म्हणजे नगराध्यक्ष होलोवे. गावाला पूल बांधून देण्याचे वचन मूळ होलोवेंनी तीन निवडणुकांत दिले होते. बोक्याने असे कुठलेही वचन दिले नव्हते, त्यामुळे त्याची लोकप्रियता टिकून होती.

नेव्हिलची अडचण मांजरांची नव्हती, पक्ष्यांची होती. त्याच्या मागच्या अंगणात, ग्रेव्हिलियाच्या झुडपात, रेन पक्ष्यांची एक जोडी राहायची. नर निळाभोर, मादी मातकट, दोघे मिळून एका मुठीत मावतील एवढे. बायको गेल्यापासून नेव्हिल सकाळचा चहा त्यांच्यासोबत घ्यायचा, म्हणजे तो प्यायचा आणि ते शेपट्या उभारून त्याच्या बुटांभोवती उड्या मारायचे. गेल्या वसंतात (तिकडे तो सप्टेंबरात येतो) त्यांनी दोनदा घरटे केले. दोन्ही वेळा पिल्ले निघाली आणि दोन्ही वेळा एका सकाळी घरटे रिकामे मिळाले. जवळच नगराध्यक्ष होलोवे मिशा पुसत बसले होते. आता त्याच झुडपात तिसरे घरटे होते आणि त्यात तीन अंडी.

आता कुणी म्हणेल, सरळ कुंपणापाशी जाऊन बाईंना सांगायचे. हे म्हणणारा माणूस कुरांबीनचा नव्हे. तिथे शेजाऱ्याच्या तोंडावर तक्रार करणे हे शेजाऱ्याच्या टेबलावर बूट ठेवण्यासारखे मानतात. त्यासाठी ठरलेली पद्धत आहे. आधी हात हलवायचा, पण नेहमीपेक्षा कमी. मग हवेविषयी बोलताना मध्येच थांबायचे. त्यानंतर कुंपणापलीकडे ऐकू जाईल असा उसासा. एवढ्यावर भागले नाही तर नाव न सांगता नगरपरिषद, आणि तिथेही काही झाले नाही तर घर विकणे. आठ वर्षांत नेव्हिल उसाशापर्यंत पोचला होता. (त्याच्या उसाशावर आयव्हीबाईंनी आल्याचा काढा पाठवला होता.)

त्यांचा संवाद दर आठवड्याला एकदा, कचऱ्याचे डबे रस्त्यावर लावताना, ठरल्यासारखा व्हायचा.

"नेव्ह, माझी पोरं तुला त्रास तर देत नाहीत ना रे राजा?"

"छे छे! काही हरकत नाही."

"खरं सांग हं. तू म्हणजे ओठ शिवलेला माणूस."

"खरंच. काही हरकत नाही."

कुरांबीनमध्ये हे वाक्य पायावर मोटार गेली तरी म्हणतात.

अंडी दिसली त्या सोमवारी मात्र नेव्हिल नगरपरिषदेत गेला आणि नाव न सांगता तक्रार नोंदवली. खिडकीपलीकडचा प्राणी-अधिकारी कोस्टा माव्रिडिस त्याच्या शाळेतल्या मित्राचा मुलगा होता. तो म्हणाला, "बरं, नेव्हिलकाका, नाव लिहीत नाही. मांजर मोकाट सोडल्याबद्दल कारवाई करायची तर ते कुणाचं हे आधी सिद्ध व्हायला लागतं. तुम्ही पिंजरा घेऊन जा. आत सार्डिन मासे ठेवा. आणि बाहेरही थोडे थोडे टाका, पिंजऱ्यापर्यंत माग जाईल असे. सापडलं की माझ्याकडे आणा."

नेव्हिल हयातभर पाणीपुरवठ्याच्या प्रयोगशाळेत होता. सूचना मिळाली की तंतोतंत पाळायची, हा त्याचा स्वभाव. त्याने सार्डिनचे समान तुकडे केले आणि कुंपणापासून पिंजऱ्यापर्यंत समान अंतरावर मांडले. पिंजऱ्यात एका वेळी एकच मांजर मावे, त्यामुळे उरलेली वीस मागावरच जेवत. आत सापडे तो रोज एकच, नगराध्यक्ष होलोवे. आत मोठा तुकडा असतो हे त्यांनी पहिल्याच दिवशी ओळखले होते. नेव्हिल त्यांना गाडीत घालून नगरपरिषदेत नेई, तिथे मूळ होलोवेंच्या तसबिरीखाली त्यांना दूध मिळे, आणि मालकी सिद्ध होत नसल्याने कोस्टा त्यांना जिथून आणले तिथे परत सोडून येई. दुसऱ्या आठवड्यात तर ते पिंजऱ्याऐवजी थेट गाडीपाशी येऊन बसू लागले.

प्रयोगाला दुसरेही फळ आले. मांजरांनी आयव्हीबाईंकडचे कोरडे खाद्य सोडले. अंडी फुटायला आली होती आणि एकवीसच्या एकवीस मांजरे आता ग्रेव्हिलियाच्या झुडपापासून चार पावलांवर पंगत धरत होती.

शेवटी कोस्टा स्थळ-पाहणीला आला. कुंपणाच्या एका बाजूला नेव्हिल, दुसऱ्या बाजूला आयव्हीबाई, आणि वर, कुंपणावर, संबंधित प्राणी.

"आयव्हीमावशी, ही मांजरं तुमची ना?"

"माझी होती रे बाबा," आयव्हीबाईंचा आवाज कापरा झाला. "आता माझ्याकडे ढुंकून बघत नाहीत. मी मेली कोरडं घालते, आणि हा सार्डिन! रोज! एवढं तर मी माझ्या नवऱ्यालाही घातलं नाही."

कोस्टाने डोके खाजवले. "नेव्हिलकाका, नियम असा आहे, की मांजराला जो नेमाने खायला घालतो तो त्याचा मालक. तुम्ही किती नेमाने घालता?"

"रोज," नेव्हिल म्हणाला. प्रयोगाविषयी विचारले की त्याला खोटे बोलता येत नसे. "न चुकता. समान तुकडे."

"अरे देवा."

"पण ते पकडण्यासाठी!"

"मांजरांना तसं वाटत नाही, काका. बघा ना त्यांच्याकडे."

मांजरे नेव्हिलकडे बघत होती.

"नेव्ह," आयव्हीबाई कुंपणावर झुकल्या. डोळे पाणावले होते. "एक विचारू? तुला ती नको असतील तर आत्ता माझ्या तोंडावर सांग. मी नेते आत कोंडून. पण मला वाटतं त्यांनी तुला निवडलंय. आणि खरं सांगू, माझे गुडघे गेलेत रे. तुझ्याकडे राहिली तर तुझी हरकत आहे का?"

झुडपात रेनची मादी चिवचिवली. आठ वर्षांत पहिल्यांदा प्रश्न सरळ आला होता आणि उत्तरही सरळ देता येणार होते. नेव्हिलने तोंड उघडले. ओठांपर्यंत "हो" आले होते. समोर एक म्हातारी बाई रडायच्या बेतात उभी होती.

"छे छे," तो म्हणाला. "काही हरकत नाही."

कोस्टाने ही संमती समजून मालकी हस्तांतरित केली.

दोनपेक्षा जास्त मांजरे ठेवण्यास विशेष परवानगी लागते आणि परवानगीची अट असते की मांजरे रात्रंदिवस जाळीबंद असावीत. ही अट आयव्हीबाईंना कधी लागू झाली नाही, कारण त्यांनी परवानगी कधी मागितली नव्हती. नेव्हिलने मागितली. त्याने मागच्या व्हरांड्याला पक्की जाळी मारली, आत फळ्या ठोकल्या आणि एकवीस नगराध्यक्षांना आत घेतले. होलोवेंना सर्वांत वरची फळी मिळाली. चार दिवसांनी अंडी फुटली. त्यानंतर दोन आठवडे नेव्हिलने चहा झुडपापाशी उभ्यानेच घेतला.

तिन्ही पिल्ले उडाली.

आयव्हीबाई आता रोज दुपारी घरी भाजलेले गोडसर स्कोन घेऊन येतात आणि जाळीच्या आत बसतात. "तू यांना फार लाडावून ठेवलंस, नेव्ह," असे त्या म्हणतात. पुढचे घरटे रेनच्या जोडीने आयव्हीबाईंच्या अंगणात केले, कारण तिथे मांजरे नाहीत. नेव्हिलला ते कुंपणावरून दिसते.

"ते निळे चिमुरडे तुझेच ना रे?" बाईंनी एकदा विचारले. "पहाटेपासून नुसता कलकलाट. तक्रार नाही हं, आपलं सांगितलं."

नेव्हिलने त्याच आठवड्यात आयुष्यातला पहिला लेखी आक्षेप नोंदवला. (तोंडी शक्य नव्हते.) मांजरांचे खाणे आपण पाहतो, पण त्यांच्याकडे लक्ष आयव्हीबाईच देतात, तेव्हा निम्मी मालकी त्यांची धरावी, असा त्याचा मुद्दा होता. नगरपरिषदेने मुद्दा तत्त्वतः मान्य केला, इतका की नियमच बदलला. "जो खायला घालतो" याऐवजी आता "जो खायला घालतो किंवा लक्ष देतो" असे वाचावे. लक्ष गावात राहून दिले की बाहेरून, याने फरक पडत नाही. सोबतच्या कोष्टकाप्रमाणे सलग दोन मिनिटे लक्ष दिल्यास एक मांजर, आणि त्या प्रमाणात पुढे.

एवढा मजकूर वाचायला सरासरी सहा मिनिटे लागतात.

आपली मांजरे: तीन.