भाग एक, मग भाग दहा

घरातलं एखादं यंत्र मी हातात घेतलं की आमची बायको त्या यंत्राकडे एकदा डोळे भरून बघून घेते. मिक्सरच्या वेळी बघितलं होतं, इस्त्रीच्या वेळी बघितलं होतं. (इस्त्री अजून आहे. कागद उडू नयेत म्हणून वापरतो.) त्यामुळे "आईंना मालिका नीट बघता याव्यात म्हणून मी हॉलमध्ये काहीतरी सोय करतो" असं मी जाहीर केलं, तेव्हा ती नुसती जाऊन टीव्हीवरची धूळ पुसून आली. निरोप देताना पुसतात तशी.

पण सोय करणं भाग होतं. सासूबाई बाथरूममध्ये घसरल्या, पाय मोडला आणि प्लास्टरसकट आमच्याकडे आल्या. एरवी त्यांचा मुक्काम थोरल्या लेकीकडे. तिथे माझे साडू आहेत. साडू इंजिनिअर. त्यांच्याकडे भिंतीएवढा पडदा आहे, पाठ टेकली की खुर्ची आपोआप मागे कलते आणि मालिका सुरू झाली की दिवे मंद होतात. (दिवे आमच्याकडेही मंद होतात. मालिका नसतानाही होतात.) या खेपेला थोरली कामासाठी परगावी गेलेली, म्हणून आमचा नंबर लागला. बायको तर हरखून गेली होती. लग्नानंतर पहिल्यांदाच आई तिच्याकडे सलग राहणार होती.

मायलेकी दुपारभर फोनवर मालिका बघत. उशीला टेकवलेला फोन, इअरफोनचं एक टोक आईच्या कानात, दुसरं लेकीच्या. कुणी शिंकलं की दुसरीचा कान ओढला जायचा. एके दिवशी सासूबाई डोळे चोळत म्हणाल्या, "थोरलीकडे बाई डोळ्यांना ताण नसतो. ती परत आली की गाडी पाठवते म्हणालीय."

बायको हसून "हो ना" म्हणाली आणि चहा ठेवायला आत गेली. चहा काही बराच वेळ आला नाही. मी आत डोकावलो तर ती गॅस न लावताच पातेल्याकडे बघत उभी होती.

त्याच क्षणी मी ठरवलं, की आता पडदा आपल्याही घरात लागला पाहिजे.

ऑफिसात आमच्या शेजारच्या टेबलावर एक गृहस्थ आहेत, त्यांना सगळे साठेबाज म्हणतात. जगातल्या झाडून सगळ्या मालिका त्यांनी डाउनलोड करून ठेवल्या आहेत. स्वतः एकही बघत नाहीत. "वेळ कुठे आहे, डाउनलोडच संपत नाही," म्हणतात. त्यांच्याकडून मी एक मालिका मागून आणली. कुठल्याशा लांबच्या देशातली, आपल्या भाषेत डब केलेली, एकूण सोळा भागांची.

आता बैठकीची व्यवस्था. संगणक आतल्या खोलीत आणि टीव्ही हॉलमध्ये. दोघांना जोडणारी वायर जेमतेम दारापर्यंत पोचायची. संगणक हलवायचा म्हणजे त्याच्या मागचा तारांचा गुंता सोडवावा लागला असता, आणि तो मीच घातलेला असल्यामुळे सुटण्यातला नव्हता. मग मी टीव्हीच दारात आणला. इस्त्रीचं टेबल रिकामंच होतं (कारण वर सांगितलंच आहे), त्यावर तो ठेवला. त्या वायरीतून चित्र तेवढं जायचं. संगणकाच्या स्पीकरची वायर तर त्याहून आखूड, म्हणून स्पीकर आतच राहिले. परिणामी माणसं हॉलमध्ये ओठ हलवायची आणि आवाज बेडरूममधून यायचा. बेडरूममध्ये जायचं तर इस्त्रीच्या टेबलाखालून वाकून जावं लागे. मी कपाळ दोनदा आपटलं, तेव्हा बायको म्हणाली, "टीव्ही सांभाळा."

राहिल्या फायली. साठेबाजांनी दिलेल्या फायलींची नावं बघून मला शिसारी आली. टिंबं काय, आकडे काय, शून्यं काय, मध्येच कुणाची तरी आद्याक्षरं. मी रेकॉर्ड विभागात नोकरी करतो. कागद क्रमाने लावणं हे माझं पोटापाण्याचं काम. सगळा कचरा काढून टाकून मी एकेका फायलीला सुटसुटीत नाव दिलं. भाग 1, भाग 2, भाग 3, असं थेट भाग 16 पर्यंत. मग संगणकाला सांगितलं, ओळीने लाव. बिनतारी कीबोर्ड सासूबाईंच्या मांडीवर ठेवला आणि म्हटलं, "आई, एवढं एकच बटण. दाबलं की पुढचा भाग."

त्यांनी दाबलं. चित्र आलं, आतून आवाज आला. सासूबाई म्हणाल्या, "अगं, मोठं दिसतंय की." आमच्या घरात माझ्या कामगिरीवर याहून मोठा गौरव अद्याप झालेला नाही.

समोरच्या दारात एक निवृत्त नर्स राहतात. त्यांना सगळे सिस्टर म्हणतात. त्या सासूबाईंचा पाय बघायला म्हणून आल्या आणि तिथेच बसल्या. दुसऱ्या दिवशी येताना स्वतःची खुर्ची घेऊन आल्या.

मी संध्याकाळी ऑफिसातून आलो की तिघींकडून गोष्ट ऐकायला मिळायची. छत्र्यांच्या कारखान्याचा एक खडूस म्हातारा मालक होता. पहिल्या भागात तो सुनेला घालूनपाडून बोलला.

"आणि लगेच मेला," बायको म्हणाली.

"लगेच?"

"पुढच्याच भागात प्रेतयात्रा. सगळे ढसाढसा रडतायत. सून तर सगळ्यात जास्त."

"एका भागात एवढं प्रेम?" मी विचारलं.

"तिच्या मनात काहीतरी आहे," सिस्टर म्हणाल्या. "मी वॉर्डात खूप पाहिल्यात अशा. ज्यांचं पटत नव्हतं, त्याच जास्त रडतात."

मला ते पटलं. पुढे मृत्युपत्र वाचलं गेलं, कारखाना जळला, थोरला मुलगा तुरुंगात गेला. ड्रायव्हर हाच म्हाताऱ्याचा धाकटा मुलगा आहे हे सगळ्यांना आधीपासून माहीत असल्यासारखं सगळे वागत होते, फक्त या तिघींना ते कुणी सांगितलं नव्हतं. सासूबाईंना याचंच भारी कौतुक. "आपल्याकडे एक गोष्ट चारचारदा सांगतात. हे काहीच सांगत नाहीत. ज्याने त्याने ओळखायचं." त्यांनी थोरलीला फोन करूनही सांगितलं, धाकट्या जावयांनी फार वरच्या दर्जाची मालिका आणलीय म्हणून. बायको दिवसभर गुणगुणत होती. मला मागितल्याशिवाय चहा मिळू लागला.

मग माझ्या सुट्टीचा दिवस आला. मीही ऐटीत त्यांच्यात जाऊन बसलो. सासूबाईंनी बटण दाबलं. पडद्यावर सकाळची वेळ, जेवणाचं टेबल, आणि टेबलाशी बसून म्हातारा उकडलेलं अंडं खात होता.

म्हाताऱ्याने अंड्यावर मीठ टाकलं.

"हा गेला होता ना?" मी विचारलं.

"पेटी बंद होती," सिस्टर हळूच म्हणाल्या. "मी तेव्हाच म्हटलं होतं, तोंड दाखवलं नाही."

"जुळा भाऊ असेल," बायको म्हणाली.

"छे, अंडं सोलायची पद्धत तीच आहे," सासूबाई म्हणाल्या. "तोच आहे हा. जिवंत आहे."

पाणी पिण्याच्या निमित्ताने मी टेबलाखालून वाकून आत गेलो (पाणी स्वयंपाकघरात असतं, ते हॉलच्या दुसऱ्या बाजूला आहे, पण कुणाच्या लक्षात आलं नाही) आणि संगणकावरची यादी बघितली. भाग 1. त्याच्याखाली भाग 10. मग 11, 12, करत थेट 16. आणि त्याच्याखाली भाग 2.

संगणकाने पहिला आकडा तेवढा बघितला होता. एकाने सुरू होणारे सगळे एका रांगेत, दोन मागाहून. साठेबाजांच्या नावांतल्या ज्या शून्यांना (01, 02 मधल्या) मी कचरा समजून काढून टाकलं होतं, ती यासाठीच होती. मालिकेचा शेवट या तिघींनी केव्हाच बघून टाकला होता. आता मेलेली, जळालेली, तुरुंगात गेलेली सगळी मंडळी एकेक करून परत यायची होती.

सांगावं की नाही? सांगितलं तर सासूबाईंनी मोठेपणाने थोरलीला केलेला तो फोन वाया. बायकोचं गुणगुणणं बंद. गाडी येणार, प्लास्टर जाणार. मी मिठाची गुळणी धरली आणि बाहेर आलो.

"काय हो, तुम्हाला काय वाटतं?" बायकोने विचारलं.

"फ्लॅशबॅक असेल," मी म्हटलं.

"पूर्ण भाग?"

"वरच्या दर्जाची मालिका आहे."

त्यानंतर मी रोज जीव मुठीत धरून घरी यायचो. पण तक्रार नाहीच. जळालेला कारखाना पुन्हा धडधडत चालू लागला. थोरला मुलगा तुरुंगातून बाहेर येऊन साळसूदपणे हिशेब बघू लागला, आणि तो पुढे काय करणार हे ठाऊक असल्यामुळे सिस्टर त्याला पडदा फुटेल अशा शिव्या घालत. म्हातारा आणि सून यांचं मात्र भागागणिक जमत चाललं.

नववा भाग त्यांच्या लेखी शेवटचा. त्या दिवशी मी मुद्दाम लवकर आलो. शेवटी अंगणात सगळं घर एका टेबलाशी जेवायला बसलं. म्हाताऱ्याने सुनेच्या ताटात स्वतःच्या हाताने वाढलं आणि म्हणाला, "बाकीचं उद्या बघू." पडदा काळा झाला. पुढे फाइल नव्हती.

मी खाली मान घालून बसलो. आता कुणीतरी विचारणार, हा काय शेवट झाला?

सासूबाई पदराने डोळे टिपत होत्या. "बरोबर दाखवलंय," त्या म्हणाल्या. "हे गेले तेव्हा मलाही आधी नुसता दवाखानाच आठवायचा. नळ्या, औषधांचा वास. वर्षभर दुसरं काही आठवेना. मग हळूहळू मागचं आठवायला लागलं. आता आठवतात ते जेवायला बसलेलेच आठवतात." त्यांनी लेकीच्या हातावर हात ठेवला. "ज्याने कुणी हे असं लावलं, त्याला माणसाचं मन कळतं."

मला माणसाचं मन कळतं हे मला प्रथमच समजत होतं. मी भिंतीकडे बघत राहिलो.

त्यानंतरच्या रविवारी साडू आणि थोरली आले. गाडी घेऊनच. साडूंनी दारातला टीव्ही बघितला, इस्त्रीचं टेबल बघितलं, आतून येणारा आवाज ऐकला. ते सज्जन गृहस्थ आहेत, "छान" म्हणाले. सासूबाईंनी मोठ्या उत्साहाने त्यांना गोष्ट सांगितली. म्हातारा कसा मरतो आणि मग कसा परत येतो. साडू टेबलाखालून वाकून आत गेले (त्यांनी कपाळ आपटलं नाही) आणि चहा गार व्हायच्या आत बाहेर आले.

"आई, भाग उलटसुलट लागले होते," ते म्हणाले. "एकानंतर दहा. मी सरळ केलेत. शिवाय प्लेअरमध्ये सेटिंगही बदलून ठेवलंय. आता नावं कशीही द्या, भाग क्रमानेच लागणार. पुन्हा असं होणार नाही."

बायकोने माझ्याकडे बघितलं. इस्त्रीकडे बघितलं होतं, तसं.

"तरीच," सिस्टर म्हणाल्या. "पेटीत तोच होता तर."

सासूबाईंनी कीबोर्ड मांडीवर ओढला आणि पहिल्यापासून पुन्हा बघायला सुरुवात केली. दोन भाग झाले, तिसऱ्याच्या मध्यावर त्यांनी तो बंद केला.

"सरळ लावली की साधीच आहे हो मालिका," त्या म्हणाल्या. "माणूस भेटतो, भांडतो, मरतो. एवढं तर घरातही असतं."

"मग निघू या का, आई?" थोरलीने विचारलं.

"तुझ्याकडे सगळं ओळीनेच दाखवतात ना?"

"म्हणजे काय, ओळीनेच."

"मग मी पाय बरा होईपर्यंत इथेच राहते," सासूबाई म्हणाल्या आणि माझ्याकडे वळल्या. "जावईबापू, एखादी नवीन आणा. आणि तुमच्या पद्धतीनं लावा."

बायको चहा ठेवायला आत गेली. या वेळी तो लगेच आला आणि त्यात साखर दुप्पट होती.

दुसऱ्याच दिवशी साठेबाजांकडून मी नवी मालिका आणली. जन्मात कधी एवढ्या काळजीने काम केलं नव्हतं. नावांतला सगळा कचरा काढला, शून्यं वेचून वेचून उडवली, भाग 1, भाग 2, भाग 3, अगदी पूर्वीसारखं. सिस्टर खुर्ची घेऊन आल्या. सासूबाईंनी बटण दाबलं. मी मागे हात बांधून उभा राहिलो.

पहिला भाग झाला. नायक नायिकेला बसच्या थांब्यावर भेटला. पुढच्या भागात त्याने तिचं नाव विचारलं. त्याच्या पुढच्या भागात तिने ते सांगितलं.

सासूबाईंनी मान वळवली. "जावईबापू, हे तर सरळच चाललंय."

मी आत धावलो. (कपाळ आपटलं.) एक, दोन, तीन, चार, आणि नवाच्या खाली शहाण्यासारखा दहा. मी नावं बदलली, पुसली, पुन्हा दिली. यादी तसूभर हलेना. साडूंचं सेटिंग होतं, ते कुठे असतं हे शोधायलाही इंजिनिअरच हवा होता.

बाहेर बायकोचा आवाज ऐकू आला. ती फोनवर बोलत होती.

"अगं ताई, भावोजींना जरा रविवारी पाठवशील का? नाही नाही, यांनी प्रयत्न केला, पण यांच्याकडून काही चुकेना. ते येऊन नीट बिघडवून देतील."