मामांचा पहिला नंबर

"आता आरोग्यमंत्र्यांचा फोन आला तरी यादीतलं एक नाव हलणार नाही!" लिम्बानीने छाती फुगवून सांगितलं. शिरे नदीकाठच्या त्या सरकारी इस्पितळात टेबल एक, सर्जन एक आणि ऑपरेशनसाठी ताटकळलेले दोनशे. त्यांचे नंबर आता लिम्बानीने संगणकात बसवलेलं गणित लावणार होतं. कमीत कमी वेळात जास्तीत जास्त माणसं! वशिला नको म्हणून त्याने यादीला कुलूप घातलं आणि किल्ली, म्हणजे पासवर्ड, राजधानीत ठेवला.

"त्यात ऑपरेशनचे गाऊन मोजलेस का रे? पावसात वाळत नाहीत," सिस्टर म्बेवे म्हणाल्या.

"सिस्टर, हे गणित आहे, धोबीघाट नव्हे!"

गणिताने छोटी ऑपरेशनं आधी घेतली. सोमवारी अकरा हर्निया उरकले. टाळ्या झाल्या! बाराव्यासाठी मात्र स्वच्छ गाऊनच उरला नाही. बारावे होते वायसन मामा. सायकलवरून उतारू वाहून वाहून त्यांनी लिम्बानीला शिकवलं होतं. लॉरीने त्यांची नडगी फोडली होती आणि ती जोडायला तीन तास हवे होते.

"गुरुवारी नक्की, मामा!"

गुरुवारीही नवी छोटी अकरा पुढे आणि मामा बारावेच! पुन्हा दिवसभर उपाशी. मामी व्हरांड्यात नसिमाचं, मक्याच्या उकडीचं, पातेलं मांडीवर घेऊन बसलेली.

"भाचेबुवा, तुमच्या यंत्राला मामांचं काय वावडं आहे?"

"ते कुणाला ओळखतच नाही, मामी. तेच तर त्याचं मोठेपण!"

"मग ओळख करून दे की मेल्या!"

लिम्बानी धावत सिस्टरांकडे गेला. "एक नाव वर घ्यायचंय!"

"घे की."

"कुलूप आहे. राजधानीला पत्र टाकलंय."

"मंत्र्यांना फोन लाव," सिस्टर म्हणाल्या. हसल्या मात्र नाहीत.

तिसऱ्या आठवड्यात जखमेला वास सुटला. सर्जनने चादर उचलली, पाहिलं आणि परत टाकली. "आता जोडायचं काही उरलं नाही. पाय गुडघ्याखालून काढावा लागेल."

कागदावर तीन तास खोडून चाळीस मिनिटं लिहिली गेली. तो आकडा मिळताच यंत्राने क्षणात यादी बदलली. सोमवार, पहिला नंबर!

स्ट्रेचरवरून जाताना मामा वॉर्डभर ओरडले, "बघा रे! पहिला नंबर! माझ्या भाच्याने लावला!" मग हळूच म्हणाले, "मान वर कर, पोरा. लोक बघतायत."

लिम्बानीला मान वर करवली नाही.

पासवर्ड बुधवारी आला. सोबत जास्तीत जास्त ऑपरेशनं उरकल्याबद्दल अभिनंदनाचं पत्र होतं.