फोडणीची पूर्वसूचना

भोपाळच्या नेहरू नगरातल्या आमच्या इमारतीत संध्याकाळ झाली हे घड्याळ सांगत नाही, खानझोडे काका सांगतात. दुसऱ्या मजल्यावरचं त्यांचं दार उघडतं. काका उलथनं हातात घेऊन जिन्याच्या कठड्याशी येतात आणि रेल्वे स्टेशनवरच्या निवेदकाच्या गांभीर्याने पुकारा करतात, "फोडणी देतोय हो! मिरचीची! तिवारी भाभी, तड़का लगा रहा हूँ!"

पुकारा करून ते आत जात नाहीत. उत्तराची वाट पाहतात. वरून तिवारी भाभींचा आवाज येतो, "लगा लो काका जी!" समोरच्या दारातून माझी बायको सुनंदा "हो, कळलं!" म्हणते. खालच्या मजल्यावरून कोणीतरी नुसतंच खाकरतं. तेही काकांना चालतं. मात्र एखादं दार गप्प राहिलं, तर काका जिने उतरून घंटी वाजवतात. तोवर कढई थंड असते. सगळ्यांना कळल्याशिवाय या गृहस्थाने कधी शेगडी पेटवली नाही.

"काका जी, मुझे ज़ुकाम है," तिवारी भाभी एकदा म्हणाल्या. "मुझे तो वैसे भी कुछ नहीं आएगा."

"गंध नहीं आएगी, पर ख़बर तो आनी चाहिए," काका म्हणाले.

काका मूळचे यवतमाळकडचे. इथल्या सरकारी कारखान्यात नोकरी लागली म्हणून आले आणि निवृत्त होऊनही इथेच राहिले. सत्तरी कधीच ओलांडली आहे. एकटेच असतात. बोलण्यात हिंदी भरपूर, पण वऱ्हाडी 'जी' काही सुटलेला नाही. "आधी सांगायचं असते जी," हे त्यांचं आवडतं वाक्य. अगरबत्ती लावण्याआधी ते सांगतात. भिंतीत खिळा ठोकण्याआधी सांगतात. शिंकण्याआधीही बोट वर करून सांगतात, आणि मग बऱ्याचदा शिंक येतच नाही.

एकदा सोसायटीने झुरळांचं औषध मारायला माणूस बोलावला. त्याने थेट पंप सुरू केला. काकांनी त्याला पायरीवर बसवलं, चहा पाजला आणि बाटलीवरची सगळी बारीक अक्षरं मोठ्याने वाचायला लावली. तो बिचारा इतक्या वर्षांत प्रथमच आपण काय मारत हिंडतो ते वाचत होता. शेवटी घाबरून त्यानेच नाकाला रुमाल बांधला.

लग्नाला गेले की काका नवरानवरीच्या आधी हॉलच्या मॅनेजरला भेटतात. दुसरं दार कुठे आहे आणि त्याची किल्ली कोणाकडे आहे, हे कळलं की मग निवांत जेवतात.

आम्ही हसायचो. मी निवृत्तीनंतर पुण्याहून मुलीजवळ म्हणून भोपाळला आलो, तेव्हा या शहराशी माझी ओळख वरवरचीच. एकटा राहणारा म्हातारा थोडा विक्षिप्त होतोच, अशी मी माझी समजूत घालून घेतली होती.

वेळ जावा म्हणून मी कंपन्यांची कागदपत्रं हिंदीत करून देतो. हल्ली प्रत्येक कंपनीला एक शाश्वतता धोरण असतं आणि एक मानवाधिकार धोरण असतं. दोन्हींच्या मुखपृष्ठावर एक ओंजळ आणि तीत एक रोपटं असतं. आत कंपनी पानोपानी कटिबद्ध असते. कशाशी, ते कळायला पान उलटावं लागतं आणि पुढच्या पानावर ती नव्याने कटिबद्ध होते.

असंच एक धोरण माझ्या टेबलावर पडलं होतं. शहराबाहेर एका कंपनीचं मोठं शीतगृह उभं राहत होतं. बटाटे, मटार, आइस्क्रीम आणि ते सगळं गार ठेवायला अमोनियाच्या टाक्या. कुंपणाच्या भिंतीला लागूनच वस्ती. काका साखर मागायला आले होते. त्यांनी उभ्याउभ्याच सगळं धोरण वाचून काढलं.

"याच्यात फोडणी कुठे आहे?" त्यांनी विचारलं.

"कसली फोडणी, काका?"

"अहो, ही माणसं कटिबद्ध होऊन राहिली, चांगलं आहे. पण टाकी फुटली तर भिंतीपलीकडच्याला कोण सांगेल? कसं सांगेल?"

मी पानं चाळली. भोंगा होता. परिशिष्टात होता. पण तो आतल्या कामगारांसाठी होता. भिंतीबाहेर ऐकू जातो की नाही, याबद्दल धोरण कुठेच कटिबद्ध नव्हतं.

त्या दिवसापासून काकांनी एकच धरून ठेवलं. शीतगृह सुरू होण्याआधी तो भोंगा एकदा वाजवावा आणि वस्तीत उभं राहून ऐकावा.

संधी चालून आली. कंपनीने शेजाऱ्यांशी 'संवाद' ठेवला. तो शेजारात ठेवला नाही, हबीबगंज स्टेशनजवळच्या हॉटेलात ठेवला. त्या स्टेशनचं नाव बदललं, पण आम्ही मंडळी अजून हबीबगंजच म्हणतो. वस्तीतल्या बायकांना बसने आणलं होतं. धोरणाचा अनुवादक म्हणून मलाही बोलावणं होतं. काका माझे पाहुणे म्हणून आले आणि आल्याआल्या दुसरं दार बघून ठेवलं.

कंपनीचे शाश्वतता प्रमुख पडद्यापुढे उभे राहिले. तरुण, हसतमुख, कोटाला हिरवं पान लावलेलं. त्यांनी आम्हाला पृथ्वी दाखवली. मग ओंजळ दाखवली. मग प्रश्न मागवले.

काका उभे राहिले. "बेटा, आपका भोंगा बस्ती में सुनाई देता है?"

"अंकल, हमारा सिस्टम वर्ल्ड क्लास है."

"वो तो होगा. सुनाई देता है?"

"सर, बाहर बजाएँगे तो लोग घबरा जाएँगे. पैनिक हो जाएगा."

"पहली बार घबराएँगे. आप बताएँगे, तो दूसरी बार समझेंगे," काका म्हणाले. "मैं तो मिर्ची का तड़का भी लगाता हूँ, तो पूरी बिल्डिंग को बताकर लगाता हूँ. आपके पास तो अमोनिया है."

सभागृह हसलं. प्रमुखही मनापासून हसले. "वेरी स्वीट, अंकल. आपका सुझाव नोट कर लिया है." एका मुलीने काकांच्या हातात कुंडीतलं रोपटं दिलं आणि त्यांचा फोटो काढला.

सगळे हसले असं मी म्हटलं, पण ते खरं नाही. मागच्या रांगेत बसमधून आलेल्या दोघीतिघी म्हाताऱ्या बायका होत्या. मिरचीचं नाव निघालं तशी त्यातल्या एकीने पदर नाकाशी धरला. इतक्या सहज, की तिचं तिलाही कळलं नसावं. ती काकांकडे बघत होती आणि काका तिच्याकडे.

परतताना रिक्षात काकांनी रोपटं मांडीवर धरलं होतं.

पुढच्या आठवड्यात कंपनीचा अहवाल माझ्याकडे अनुवादाला आला. संवाद खेळीमेळीत पार पडला होता. काकांचा फोटो होता, खाली 'आमचे आनंदी शेजारी' असं लिहिलेलं. शीतगृहाचं उद्घाटन ठरलं होतं. भोंग्याची चाचणी 'योग्य वेळी' होणार होती. मी फोन करून विचारलं, योग्य वेळ म्हणजे कधी? तिकडून उत्तर आलं की त्यांचा विभाग फक्त शाश्वततेचा आहे.

संध्याकाळी मी काकांकडे गेलो. ते ओट्याशी उभे राहून लाल मिरच्यांची देठं काढत होते.

"वाजवला?" त्यांनी विचारलं.

"नाही. वाजवणारही नाहीत असं दिसतंय."

त्यांनी मान हलवली. कुंडीतल्या रोपट्याला तांब्यातलं पाणी घातलं. मग मिरच्यांकडे बघतच म्हणाले, "चौऱ्याऐंशी साली आम्ही भोपाळ स्टेशनमागे राहायचो. नवीन लग्न. मी बहिणीच्या साखरपुड्याला यवतमाळला गेलो होतो. शोभा एकटीच होती घरी."

शोभा हे नाव मी प्रथमच ऐकत होतो.

"त्या कीटकनाशकाच्या कारखान्यातून गॅस सुटला ना, तेव्हा सगळ्यांना वाटलं, कोणीतरी मिरच्या जाळून राहिलं. वास तसाच होता म्हणतात. शेजारचे शकूर भाई वाचले, त्यांनी मला सांगितलं. शोभाला खोकला आला, डोळे झोंबले. तर ही उठून बाहेर गेली. एकेक दार ठोठावत गेली जी. 'किसके घर में मिर्ची जल रही है?' म्हणत. गल्लीच्या टोकापर्यंत गेली. तिथेच सापडली जी."

काका जरा हसल्यासारखे झाले. "घाबरून नाही पळाली ती. तिला ठाऊकच नव्हतं काही. भांडायला गेली जी."

 त्यांनी देठं गोळा करून डब्यात टाकली, उलथनं उचललं आणि नेहमीसारखे कठड्याशी आले.

"फोडणी देतोय हो! मिरचीची!"

"लगा लो काका जी!" वरून उत्तर आलं. समोरून सुनंदाने दिलं. खालचं एक दार मात्र गप्प राहिलं. तिथे नवीन भाडेकरू आले होते. काकांनी पुन्हा हाक मारली, थांबले आणि मग कठडा धरून एकेक पायरी उतरू लागले. मीही मागे गेलो.

घंटी वाजल्यावर एका तरुण मुलीने दार उघडलं. तिने कानातली इअरफोनची बोंडं काढली, काकांकडे पाहिलं, मग उलथन्याकडे. "क्या हुआ, अंकल?"

"कुछ नहीं हुआ, बेटा," काका म्हणाले. "यही बताने आया हूँ. अभी थोड़ी देर में मिर्ची की गंध आएगी. मेरे घर की है. तुम देखने बाहर मत निकलना."