दोन अर्ध्यांचा पासवर्ड

भिंगरीच्या आईने फक्त एवढंच ठरवलं होतं, की मुलीची कागदपत्रं ईमेलने पाठवायचीच आहेत तर ती उघडीवाघडी पाठवायची नाहीत. यात कुणाला त्रास व्हावा असं काहीही नव्हतं.

भिंगरी दीड वर्षाची. पाय फुटल्यापासून एका जागी थांबलीच नाही, म्हणून हे नाव. सोमवारपासून तिला पाळणाघरात जागा मिळत होती, आणि सोमवारीच आईची दोनदा वाढवून घेतलेली रजा संपत होती. 'तिसऱ्यांदा वाढवायची असेल तर मग घरीच राहा,' असं साहेबांनी अत्यंत प्रेमाने सांगितलं होतं. म्हणजे पाळणाघर नाही तर नोकरी नाही, इतका सरळ हिशेब होता. पाळणाघराला हवे होते जन्माचा दाखला, लसींचं कार्ड, डॉक्टरांचं पत्र आणि दोन फोटो.

आता ही बाई औषधांच्या कंपनीत काम करायची. बाटलीच्या खोक्यात जो घड्या घातलेला पातळ कागद असतो, त्यावरचे इशारे लिहायचं तिचं काम. चक्कर येऊ शकते, पुरळ उठू शकतं, क्वचित प्रसंगी श्वास अडकू शकतो. सहा वर्षं रोज आठ तास हेच लिहिल्यावर माणूस घरी येऊन वेगळा विचार करणार तरी कसा? त्यात आयांच्या ग्रुपवर कुणीतरी लिहिलं, की मुलांचे दाखले चोरून लोक काय काय करतात. काय काय ते लिहिलं नव्हतं. ते हिने स्वतःच भरून काढलं.

तिने कॉम्प्युटरवर फाइली दाबून एकत्र बांधणारं सॉफ्टवेअर उतरवून घेतलं. त्यात गाठोड्याला कुलूप घालायचीही सोय होती. कुलपाखाली बारीक अक्षरांत इशारा होता : 'पासवर्ड विसरल्यास ही फाइल कुणालाही, अगदी आम्हालाही, उघडता येणार नाही.' ते वाचून तिला बऱ्याच महिन्यांनी शांत वाटलं. (शिवाय वाक्य नेटकं होतं. तिला स्वतःला सुचायला हवं होतं.)

प्रश्न एकच. पासवर्ड ठेवायचा कुणाजवळ?

स्वतःवर तिचा काडीचाही भरवसा नव्हता. कुणी जिन्यात नुसतं 'काय विशेष?' विचारलं, तरी ही मुलीच्या सर्दीच्या तारखा सांगून मोकळी व्हायची. नवऱ्याचं सांगायचं तर तो लिफ्ट दुरुस्त करायचा; सगळ्या इमारतींच्या लिफ्टचे दोष तोंडपाठ, पण घरातलं काही विचारलं की 'बघून सांगतो'. राहिल्या सासूबाई. त्यांच्या तोंडात तीळ भिजत नसे.

शेवटी तिने जे ठरवलं, ते तिच्या मते अभेद्य होतं.

"पहिला अर्धा तू टाइप कर," ती नवऱ्याला म्हणाली. "दुसरा अर्धा आई टाइप करतील. एकट्या कुणालाच उघडता येणार नाही."

"आणि तू?"

"मी भिंतीकडे तोंड करून उभी राहते. मला कळताच कामा नये."

"अगं, फाइल तुझी, मुलगी तुझी..."

"म्हणूनच. मी कुठेतरी बोलून जाईन. जीव गेला तरी मला सांगायचं नाही. आई, तुम्हीही. मी रडले तरी नाही."

"बरं बाई," सासूबाई चष्मा पुसत म्हणाल्या. "रडलीस तरी नाही."

ती खरोखरच भिंतीकडे तोंड करून उभी राहिली. भिंगरीला गंमत वाटली, तीही शेजारी येऊन भिंतीला नाक लावून उभी राहिली. मागे बराच वेळ टकटक चालली होती. मग सासूबाईंचं दाबलेलं हसू ऐकू आलं.

"काय झालं?"

"काही नाही, तू भिंत बघ," नवरा म्हणाला.

वळून पाहिलं तर ठिपक्यांच्या लांबलचक रांगेखाली हिरव्या रंगात आलं होतं, 'पासवर्डची ताकद : उत्तम'. त्या दोघांना तिने मनातल्या मनात कमी लेखलं होतं, त्याची तिला लाज वाटली. त्या भरात तिने आणखी एका चौकोनात खूण केली. चौकोन म्हणत होता, 'काम झाल्यावर मूळ फाइली कायमच्या पुसून टाका.' पुसल्या. मूळ कागद सकाळीच बँकेच्या लॉकरमध्ये जाऊन पडले होते. मग तिने गाठोडं पाळणाघराला पाठवलं आणि खाली लिहिलं, 'पासवर्ड स्वतंत्रपणे कळवला जाईल.'

दुसऱ्या दिवशीपासून एक चमत्कारिक गोष्ट सुरू झाली. तळमजल्यावरच्या बाई तिच्याकडे बघून मायेने हसल्या आणि म्हणाल्या, "चालायचंच हो." बागेतल्या बाकावर बसणाऱ्या तिघीजणी एकदम म्हणाल्या, "चालायचंच!" भाजीची पिशवी घेऊन जाणाऱ्या आजींनी तर थांबून तिच्या पाठीवर हात फिरवला. तिला वाटलं, आपण फार दमलेल्या दिसतो. घरी येऊन ती आरशात पाहून आली. दिसत होतीच.

शनिवारी सव्वाबाराला पाळणाघरातून फोन आला. ऑफिसमध्ये बसणाऱ्या बाईंचा.

"मॅडम, तुमची फाइल उघडत नाहीये. पासवर्ड मागतेय."

"हो, तो स्वतंत्रपणे कळवला जाणार आहे."

"कोण कळवणार आहे?"

या प्रश्नाचा तिने विचारच केला नव्हता.

"एक वाजता यादी बंद करायची आहे," बाई म्हणाल्या. "पुढच्या नंबरच्या मॅडम समोरच बसल्यात. कागद घेऊन."

"नुसत्या फाइली पाठवा ना," असंही त्या म्हणाल्या. नुसत्या फाइली जगात उरलेल्या नव्हत्या. लॉकर होतं, पण दुसरा शनिवार, बँक सोमवारपर्यंत बंद. ती सासूबाईंकडे धावली.

"आई, तुमचा अर्धा सांगा. लगेच!"

सासूबाई शांतपणे कपड्यांच्या घड्या घालत होत्या. "नाही."

"अहो, सोमवारी माझी नोकरी जाईल!"

"तूच म्हणालीस ना, रडलीस तरी सांगायचं नाही म्हणून? आणि मी शब्दाची पक्की आहे. कुणालाही सांगितलेला नाही."

"कुणालाही?"

"बाकावरच्या तिघी सोडून. आणि खालच्या बाई. आणि त्या पिशवीवाल्या. पण त्यांनाही बजावलंय, कुणाला सांगू नका म्हणून."

म्हणजे अर्धा पासवर्ड अख्ख्या इमारतीला माहीत होता. उरलेला अर्धा ज्याला माहीत होता तो कुठल्यातरी लिफ्टच्या खड्ड्यात उतरलेला होता, आणि फोन उचलत नव्हता. तिने अकरा वेळा लावून पाहिला. भिंगरीने तेवढ्यात दोन घड्या मोडल्या.

एकला आठ मिनिटं कमी असताना नवऱ्याचा फोन आला. "काय गं, अकरा मिस्ड कॉल? भिंगरी पडली का?"

"पासवर्ड! तुझा अर्धा!"

तो म्हणाला, "तुला नको. मी सरळ त्या बाईंनाच सांगतो."

"का? काय लिहिलंयस असं?"

"तूच म्हणालीस, तुला कळता कामा नये."

भांडायला वेळ नव्हता. तिने पाळणाघराला फोन लावून नवऱ्याला त्याच फोनवर जोडून घेतलं. सासूबाई कानाजवळ येऊन उभ्या राहिल्या.

"एक मिनिट," पाळणाघरातल्या बाई म्हणाल्या, "टाइप करायला दोन्ही हात लागतात. स्पीकरवर टाकते."

"स्पीकर नको!" नवरा आणि सासूबाई एकदम ओरडले. पण स्पीकर लागला होता. मागे खुर्च्या सरकल्याचे, कुणाच्या खोकल्याचे आवाज आले. ऑफिस भरलेलं होतं.

"सांगा सर. मराठीत ना?"

"मराठीत. मध्ये जागा सोडू नका." नवऱ्याने घसा खाकरला. "हिचं... कठीण... आहे."

"कुणाचं?"

"नाही, हाच पासवर्ड. पहिला अर्धा."

भिंगरीच्या आईने फोनकडे पाहिलं. मग सासूबाईंकडे. सासूबाई छताकडे बघत होत्या.

"हिचं कठीण आहे," बाईंनी एकेक अक्षर मोठ्याने म्हणत टाइप केलं. "पुढे?"

"आई, बोल," नवरा म्हणाला.

"मी याच्या खांद्यावरून पाहिलं होतं," सासूबाई सुनेला समजावत म्हणाल्या, "तेव्हा मला वाटलं, तुझी बाजू कुणीतरी घ्यायला हवी." मग फोनकडे वाकून म्हणाल्या, "पण चालायचंच."

पाळणाघराच्या ऑफिसात कुणीतरी हसलं. बहुधा पुढच्या नंबरच्या मॅडम. ते त्यांचं शेवटचं हसणं ठरलं, कारण लगेच बाई म्हणाल्या, "उघडली! दाखला, कार्ड, पत्र, फोटो, सगळं आहे. तुमची जागा पक्की. सोमवारी साडेआठला आणा."

नोकरी वाचली होती. रागवायचं आहे हे तिच्या लक्षात होतं, पण आधी भिंगरीचा मुका घ्यायचा होता.

"एकच राहिलं," बाई म्हणाल्या. "संध्याकाळी मुलीला न्यायला जो येईल त्याने दारात खुणेचं वाक्य सांगायचं असतं. घरातल्या सगळ्यांना पाठ असलेलं लागतं. मी हेच लिहून घेतलंय."

"अहो, ते बदला ना!"

"लेखी अर्ज लागेल. आई आणि वडील, दोघांच्या सह्या."

अर्ज तिने त्याच दिवशी लिहिला. नवरा म्हणतो, बघून सांगतो.

तोवर रोज संध्याकाळी सहाला भिंगरीची आई पाळणाघराच्या फाटकासमोर उभी राहते, मागच्या रांगेतल्या पालकांना ऐकू जाऊ नये म्हणून हळू म्हणते, "हिचं कठीण आहे, पण चालायचंच." फाटकावरच्या बाई कानाने जरा जड आहेत, त्यामुळे तिला ते पुन्हा जोरात म्हणावं लागतं. मग त्या तिला वरपासून खालपर्यंत नीट न्याहाळतात, "बरोबर आहे," म्हणतात आणि कडी काढतात.