दुरुस्तीवाला आणि काळी बुरशी

प्रत्येक प्रगत संस्थेत अचूकतेला फार मान असतो. काम चुकलं तरी चालतं. ते कसं चुकलं याचा अहवाल मात्र अचूक लागतो.

दौंड तालुक्यातल्या एका सायट्रिक आम्लाच्या कारखान्यातही हा मान होता. सरबताला आंबटपणा देणारं हे आम्ल काळ्या बुरशीकडून करून घेतलं जाई. (बुरशीला पगार, रजा आणि युनियन नसल्यामुळे व्यवस्थापनाचा तिच्यावर विशेष जीव होता.) पण बुरशी सोबत थोडं नको ते आम्लही बनवायची. ही खोड मोडायला खुटबावच्या शायना शेखला नेमलं होतं.

खोड एका जनुकात होती. त्या जनुकाच्या जागी बसावा म्हणून शायना एक नवा तुकडा आत सोडायची. पण बुरशीच्या पेशीत एक दुरुस्तीवाला असतो. जनुकांचा धागा कुठंही तुटला, की हाताला लागेल ते टोक तिथं जोडून मोकळा! त्यामुळे तुकडा शंभरात सत्त्याण्णव वेळा भलतीकडेच चिकटायचा. यावर कारखान्याचे व्यवस्थापक आनंदरावसाहेबांनी 'अचूकता पंधरवडा' जाहीर केला. बुरशीनं तो पाळला नाही.

२००५ साली शायनाच्या वाचनात परदेशातला एक प्रयोग आला. आधी दुरुस्तीवाल्याचंच जनुक काढायचं, मग तुकडा नेमका जागेवर बसतो. तिनं हरखून परवानगीचा अर्ज टाकला. पहिलंच वाक्य होतं, 'दुरुस्ती करणाऱ्याला काढून टाकल्यास कामातली अचूकता वाढते.'

अर्ज तातडीनं मंजूर झाला आणि मेंटेनन्सच्या मच्छिंद्र आप्पांना कामावरून कमी केल्याची ऑर्डर मिळाली.

आप्पा प्रयोगशाळेच्या दारात येऊन उभे राहिले.

"शायना, म्या काय वाकडं केलं गं तुझं? तुझा एसी बंद पडला तवा कवा न्हाई म्हनलो व्हय?"

"तुम्ही न्हाई हो आप्पा! बुरशीतला दुरुस्तीवाला!"

"बुरशीत बी मेंटेनन्स हाय?" आप्पांनी हातातला पाना खाली केला. "परमनंट का कंत्राटी?"

शायनाला हसू आलं, पण ऑर्डर खरी होती. ती तडक साहेबांकडे गेली.

"ऑर्डर मागं घेता येत नाही," आनंदराव म्हणाले. "व्यवस्थापन चुकतं असा संदेश जातो."

"मग मीही जाते. काम करणारंच कुणी उरलं नाही की चूकही होणार नाही."

हा युक्तिवाद साहेबांना मनापासून पटला, पण व्यवस्थापन समिती घाबरली. तिनं ऑर्डर कायम ठेवून आप्पांना 'अचूकता सल्लागार' म्हणून नव्यानं नेमलं. पाना तोच, पगार तोच.

इकडे शायनाचे तुकडे शंभरात ऐंशीच्या वर जागेवर बसू लागले. (दुरुस्तीवाल्याविना बुरशी मजेत वाढली. अतिनील प्रकाश तेवढा सोसेना, म्हणून तिला सावलीत ठेवलं. साहेबांचीही तीच सोय होती.)

ती ऑर्डर निघालीच कशी याच्या चौकशीत आनंदरावांनी प्रांजळपणे सांगितलं, की अर्जात पेशी, जनुक वगैरे सुरू झालं तिथून त्यांची नजर थेट सहीच्या जागेवर घसरली. समितीनं हे क्षम्य मानलं. तुम्हीही मानाच. ही गोष्ट वाचताना पेशी आणि जनुक आले, तेव्हा तुम्हीही तिथून सरळ आप्पांपर्यंतच घसरला होतात ना?