गच्चीवरचा माणूस

विमानातून काढलेल्या फोटोत आपल्या नजरेतून काही सुटत नाही, अशी गंधालीची खात्री होती. अंधेरीच्या ऑफिसात ती अशा फोटोंवरून नकाशे बनवायची. पत्रा कुठला आणि ताडपत्री कुठली, हे ती चहा पिता पिता सांगायची.

त्या दिवशी तिच्या वाट्याला मुलुंड आलं. स्वतःची बिल्डिंग दिसली म्हणून तिने कौतुकाने फोटो मोठा केला. गच्चीवर, टाकीच्या बाजूला, एक माणूस उताणा पडला होता. हातपाय पसरलेले. हिरव्या-पिवळ्या चौकड्यांची लुंगी, तिनेच सासऱ्यांना आणलेली.

घरी फोन कोणी उचलेना. नवऱ्याचा बंद. मग तिने शेजारच्या मॅथ्यू अंकलना गाठलं.

“अंकल, बाबा गच्चीवर पडलेत. हलत नाहीयेत.”

“तुला कोण बोललं?”

“मला दिसतायत. वरून.”

अंकलनी पुढे विचारलं नाही. फोन टेबलावर टाकून ते धावले. गच्चीला कुलूप होतं आणि सेक्रेटरी गावाला. माणूस आत अडकलाय म्हटल्यावर कुलूप फोडणं आलंच. त्यांच्या बायकोने, शर्लिनने, अॅम्ब्युलन्स बोलावली. कोणी ग्लुकोज आणलं, कोणी खाली उतरवायला खुर्ची.

इकडे गंधाली पर्स उचलून निघाली, तर शेजारच्या टेबलावरचा देवेश म्हणाला, “काय झालं गं?”

तिने स्क्रीन दाखवला.

“अगं, हे फोटो मार्चमधले आहेत. आता नोव्हेंबर चाललाय.”

गंधालीने कोपऱ्यातली तारीख वाचली. मग तिने अंकलना फोनवर फोन केले. टेबलावरचा फोन वाजत राहिला. शेवटी तिने रिक्षा पकडली आणि वाटभर देवाचं नाव घेतलं.

तोवर सासरे गुणाजी आणि सासू विमला बाजारातून बांगडे घेऊन परतले होते. दारात अॅम्ब्युलन्स पाहून गुणाजी पिशवीसकट चार मजले चढून गच्चीवर धावले. “बाजूला व्हा, त्याला वारा लागू द्या,” असं ओरडत ते टाकीमागे शोधाशोध करणाऱ्या गर्दीत घुसले, तेव्हा कुठे लोकांनी त्यांच्याकडे नीट पाहिलं.

गंधाली पोचली तेव्हा सगळी बिल्डिंग तिची वाट बघत होती. अॅम्ब्युलन्सवालासुद्धा. खाली मान घालून तिने सगळं सांगितलं. लोक हसले, अंकलनी नवीन कुलूप आणायचं कबूल केलं. गुणाजींनी मायेने सुनेच्या डोक्यावर हात ठेवला.

“फोटो मार्चातलो?” विमलाने मध्येच विचारलं.

“हो आई.”

“मार्चात तुमचो गुडघो बांधलेलो होतो ना? पलंगावरून उतरूचा नाय म्हणून मी पाणीसुद्धा हातात आणून देय होतंय.”

गुणाजींचा हात सुनेच्या डोक्यावरून हळूच निघाला.

“तुमच्या विमानाला,” ते तिला म्हणाले, “दुसरं काही बघायला नव्हतं काय गं?”