पिवळ्या टोपीतले आजोबा

"यंदाचा हा शेवटचा उपक्रम," हेडसर म्हणाले, "आणि तोही फसला, तर विद्यार्थी परिषद बंद! पुढच्या वर्षीपासून सगळं शिक्षक बघतील."

सगळं शिक्षक बघतील म्हणजे कोणीच काही बघणार नाही, हे हेडसरांसकट त्या खोलीतल्या सगळ्यांना ठाऊक होतं. पण बोलायची सोय नव्हती. अध्यक्ष मान खाली घालून उभी होती आणि तिच्या शेजारी उपाध्यक्ष तिच्याहून खाली मान घालून उभा होता.

अध्यक्ष नववीतली. परिषद तिनेच भांडून आणलेली. त्याआधी शाळेत मॉनिटर असायचे, आणि मॉनिटर म्हणजे सरांचा डबा गरम करून आणणारा हुजऱ्या. मुलांनी मुलांची माणसं निवडावीत, असं ती भर प्रार्थनेच्या वेळी उठून बोलली होती. तेव्हापासून घरीही तिचं नाव अध्यक्षबाई पडलं. "गावाची सेवा करून आल्या का अध्यक्षबाई?" आई विचारायची. "आता या भांड्यांचंही तेवढं अध्यक्षपद घ्या."

उपाध्यक्षाला सगळे ठराव्या म्हणत. पाणी प्यायला जायचं असलं तरी तो ठराव मांडे आणि अनुमोदन मिळेपर्यंत तहानलेला राही.

परिषदेने वर्षभर काम कमी केलं नव्हतं. घातच झाला तो कामाने. झाडं लावली, ती बहुमताने मैदानात लावली, आणि बहुमताला फुटबॉल खेळता येत नव्हता. रोपं थेट गोलच्या तोंडाशी उभी राहिली. गरिबांसाठी जुनी पुस्तकं गोळा केली, त्यात शिक्षकांच्या खोलीतली चालू वर्षाची पुस्तकं गेली. आठवडाभर सर लोक तोंडपाठ शिकवत होते, म्हणजे शिकवतच नव्हते. मग एका रविवारी रस्त्यावरची घाण भिंत रंगवली. ती भिंत घाण नव्हती. मालकाने आदल्याच दिवशी हौसेने तो रंग लावून घेतला होता.

"या वेळी काही रंगवायचं नाही, लावायचं नाही, वाटायचं नाही," हेडसरांनी बजावलं. "वृद्धाश्रमातल्या लोकांना बसमधून बागेत न्यायचं, परत आणायचं. माणसं न्यायची, माणसं आणायची. जमेल?"

"जमेल सर," अध्यक्ष म्हणाली.

"माझं अनुमोदन आहे," ठराव्या म्हणाला.

तयारी तर अशी केली की लग्नघराने लाजावं. म्हातारी माणसं बागेत पांगली तर ओळखायची कशी, म्हणून प्रत्येकासाठी पिवळीजर्द टोपी शिवून घेतली, तीही शिवणकामाच्या तासाला, म्हणजे सहावीच्या मुलींकडून. समुपदेशक बाईंना बोलावून अर्ध्या दिवसाचं प्रशिक्षणही घेतलं. बाई म्हणाल्या, "काही आजी-आजोबांना विसरायला होतं. ते म्हणतात, मला घरी जायचंय. तेव्हा वाद घालायचा नाही. हसायचं, हो म्हणायचं आणि त्यांच्या लहानपणाबद्दल काहीतरी विचारायचं."

'काही' हा शब्द प्रशिक्षण संपेपर्यंत गळून पडला. मुलांच्या डोक्यात उरलं ते एवढंच: हसायचं, हो म्हणायचं, लहानपण विचारायचं.

वृद्धाश्रमातल्या मंडळींना या सगळ्याचं काही अप्रूप नव्हतं. दर दोन-तीन दिवसांनी कुठली ना कुठली शाळा येऊन त्यांच्यावर सेवा करून जायची. एकेका आजीची वेणी आठवड्यातून तीनदा घातली जायची, फोटो निघेपर्यंत पुन्हा पुन्हा. भेट म्हणून आलेल्या कंगव्यांनी दोन पेट्या भरल्या होत्या, आणि निम्म्या आजोबांना टक्कल होतं! म्हाताऱ्यांना काय हवंय, हे विचारायची वेळ आजवर एकाही शाळेवर आली नव्हती. या मुलांनी निदान बाहेर काढलं, म्हणून सगळे मुकाट्याने टोप्या घालून बसमध्ये बसले.

एक सोडून. टेलर आजोबांनी टोपी हातात घेतली, उलटी केली आणि तोंड कडू केलं. "ही शिवण आहे का? ही सापाची वाट आहे. जन्मभर कपडे शिवले मी. हे डोक्यावर घालून चारचौघांत बसू?"

"घाला ना आजोबा, आमच्यासाठी," अध्यक्ष म्हणाली.

तिच्यासाठी त्यांनी ती बागेपर्यंत घातली. बागेत गेल्यावर मात्र एका बाकावर बसले आणि टोपी काढून मांडीवर ठेवली. त्याच बाकावर एक गृहस्थ भाजीची पिशवी शेजारी ठेवून बसले होते. कोर्टातून निवृत्त झालेले कारकून. आयुष्यभर दुसऱ्यांची बडबड टिपून घेतली होती. निवृत्त झाल्या दिवसापासून ते सगळं व्याजासकट बाहेर पडत होतं. टेलर आजोबांचा 'नमस्कार' पुरा होण्याआधीच कारकुनांनी त्यांना आपला जन्म, नोकरी, बायकोचा गुडघा, पलीकडच्या गल्लीतलं हिरव्या फाटकाचं घर आणि घरातला फाटका पडदा, सगळं सांगून टाकलं. ऊन चढलं. कारकुनांचं टक्कल तापून तांब्यासारखं झालं. टेलर आजोबांना दया आली. त्यांनी ती टोपी त्या टकलावर ठेवली, म्हणाले, "आलोच पाणी पिऊन," आणि नळाकडे गेले.

नेमकी तेव्हाच ठराव्याने शिट्टी फुंकली.

मुलं धावली. पिवळी टोपी दिसली की दोन बाजूंनी दोघं, हळूच दंडाला धरायचं, प्रेमाने उठवायचं. कारकुनांनाही उठवलं.

"अरे! सोडा! कोण तुम्ही?"

"आम्ही परिषदेचे, आजोबा. चला, बस आली."

"कसली बस? मला घरी जायचंय!"

दोघं मुलं एकमेकांकडे बघून समजूतदारपणे हसली. आलं, प्रशिक्षणातलं आलं. "हो हो आजोबा. घरीच जायचंय. तुम्ही लहानपणी कुठले खेळ खेळायचात?"

"खेळ? माझं घर त्या समोरच्या गल्लीत आहे! हिरवं फाटक!"

"हो का? छान! फाटकावर चढायचात का लहानपणी?"

"हे अपहरण आहे! कलम सांगू का, कलम?"

"सांगा ना आजोबा!" अध्यक्ष मनापासून म्हणाली आणि त्यांना खिडकीजवळची जागा दिली.

सेवा करणाऱ्याला सेवा करून घेणाऱ्याचं ऐकू येत नाही, हा जगाचा जुना रोग आहे. पोरांना तो मोठ्यांकडूनच लागतो.

कारकुनांनी कलम सांगितलं. कोणी टोकलं नाही. म्हणून पुढचं सांगितलं. मुलं 'मग?' 'मग?' करत होती, कारण तसंच शिकवलं होतं. आणि 'मग?' हा शब्द कारकुनांच्या कानावर कित्येक वर्षांत पडला नव्हता. त्यांचा आवाज हळूहळू खाली आला, अपहरण मागे पडलं. एका खटल्यात पुरावा म्हणून आणलेली चोरीची कोंबडी भर कोर्टात अंडं घालून कशी मोकळी झाली आणि मग ते अंडं फिर्यादीचं की आरोपीचं, यावर वकील कसे हातघाईवर आले, ते सांगायला त्यांनी सुरुवात केली. मागच्या सीटवरच्या आज्या पुढे सरकल्या. ड्रायव्हरकाकांनी गाडी उगाच हळू केली.

वृद्धाश्रमाच्या दारात व्यवस्थापिका बाई उभ्या होत्या. एकेकाला हात देऊन उतरवून घेत होत्या. कारकुनांना हात दिला आणि तो तसाच हवेत राहिला.

"हे कोण?"

"आजोबा," ठराव्या म्हणाला.

"कुणाचे?"

ठराव्याने ठराव मांडायला बोट वर केलं आणि खाली घेतलं.

"तेच मघापासून सांगतोय मी!" कारकुनांना एकदम आपला मुद्दा आठवला. "मी यांच्यातला नाही! मला बागेतून उचललंय!"

"आणि टेलर आजोबा कुठायत?" बाईंनी विचारलं.

 अध्यक्षेने बसमध्ये पाहिलं, बसच्या मागे पाहिलं, आणि काही सुचेना म्हणून बसखालीही पाहिलं.

"राहू द्या हो यांनाच," एक आजी म्हणाल्या. "अंड्याचा निकाल राहिलाय अजून."

"आजी, तुम्ही आत व्हा!" बाई कडाडल्या आणि अध्यक्षेकडे वळल्या. "त्यांचा एक डोळा अधू आहे. रस्ता ओलांडता येत नाही नीट. हे बघ, मुली, ते सापडले नाहीत तर मी आधी पोलिसांना फोन करणार आणि मग तुझ्या हेडसरांना."

बस वळली. आत कारकून, अध्यक्ष आणि ठराव्या. अध्यक्ष परिषद विसरली होती. आपण बागेत एका म्हाताऱ्या माणसाला सोडून आलो, एवढंच तिला दिसत होतं. ती एकदम कारकुनांना म्हणाली, "आजोबा, चुकलं आमचं. तुम्ही सांगत होतात आणि आम्ही नुसतं हसत होतो."

कारकुनांना रागवायचं होतं. पण पोरीचे डोळे भरलेले बघून त्यांनी नुसतंच खाकरलं. "अंडं शेवटी न्यायाधीशांच्या शिपायाने उकडून खाल्लं," ते म्हणाले. "पुरावाच संपला. खटला बरखास्त. तू रडू नकोस."

बागेतला बाक रिकामा होता. टेलर आजोबा नाहीत आणि पिशवीही नाही.

"माझी भाजी!" कारकून ओरडले. "माणूस नेला तो नेला, वर भाजीही!"

"आजोबांना रस्ता ओलांडता येत नाही," अध्यक्ष पुटपुटली. तिने नळाजवळ पाहिलं, झाडीत पाहिलं, माळ्याला विचारलं. माळी म्हणाला, "एक म्हातारबाबा होते खरे. पिशवी छातीशी धरून उभे होते. शेवटी एका बाईंनी हात धरून पलीकडे नेलं."

"पलीकडे कुठे?"

"त्या गल्लीत. हिरवं फाटक कुठंय म्हणून विचारत होते."

अध्यक्ष धावत सुटली. मागून ठराव्या, त्याच्या मागून कारकून, "अरे, किल्ली माझ्याकडे आहे!" असं ओरडत. किल्लीची गरज नव्हती. दार सताड उघडं होतं. आत कारकुनांची बायको गुडघ्याला शेक देत बसली होती आणि समोर टेलर आजोबा, नाकावर चष्मा, मांडीवर पडदा, हातात सुई.

"आलात?" बायको नवऱ्याला म्हणाली. "भाजी केव्हाच आली. तुम्ही तिच्यामागून येता आहात."

"आजोबा!" अध्यक्ष मटकन उंबऱ्यावरच बसली.

"ये, ये," टेलर आजोबा दोरा दाताने तोडत म्हणाले. "यांची पिशवी राहिली होती. मग म्हटलं, घरी पोचवावी. पत्ता तोंडपाठच होता, यांनी डोक्यात दुसरं काही उरू दिलंच नव्हतं. पडदाही अगदी सांगितला तसाच फाटलेला निघाला."

अध्यक्ष हसायला लागली. हसता हसता रडली, नाक पुसलं आणि परत हसली. छातीवरचा धोंडा उतरला की माणसाचं असंच होतं, कुठल्या दाराने काय बाहेर पडेल याचा नेम नाही. व्यवस्थापिका बाईंना फोन लावला, तेव्हा बाईही पलीकडे आधी ओरडल्या आणि मग आजोबा जेवले का ते विचारू लागल्या. पोलीस वाचले, हेडसरही वाचले.

असं अध्यक्षेला वाटलं.

दुसऱ्या दिवशी पहिल्याच तासाला शिपाई तिला बोलवायला आला. हेडसरांच्या खोलीत कारकुनांची बायको बसली होती. हातात काठी, चेहरा गंभीर. अध्यक्षेने मनातल्या मनात परिषदेला मूठमाती दिली आणि आता मॉनिटर कोण होणार, त्याचा विचारही करून टाकला.

"हीच का ती?" बाईंनी विचारलं.

"हीच," हेडसर म्हणाले. "माफी माग."

"माफी कशाची?" बाईंनी काठी आपटली. "अहो, लग्न झाल्यापासून हा माणूस बोलतोय. कोर्टात असताना निदान दिवसा तरी गप्प असायचा. काल या पोरांनी त्यांना बोलू बोलू दिलं. घरी आले, जेवले, झोपले. एक शब्द नाही! मी घाबरून कपाळाला हात लावून पाहिला. ताप नव्हता. सकाळी उठले ते दाढी करून तयार, म्हणे बस किती वाजता आहे?" त्यांनी अध्यक्षेचा हात धरला. "बाळा, हा तुमचा उपक्रम दर आठवड्याला असतो का गं?"

अध्यक्ष वर्गात परतली, तेव्हा ठराव्या दारातच घुटमळत होता. "गेली ना परिषद?"

"राहिली. पुढच्या वर्षीही निवडणूक होणार."

"अनुमोदन!" ठराव्याने भिंतीला टेकून श्वास सोडला. "आणि सर काय म्हणाले?"

"त्या बाई गेल्यावर दार लावून घेतलं. म्हणाले, शनिवारी बसमध्ये आणखी एक जागा ठेवा. त्यांच्या सासऱ्यांसाठी."

"त्यांचे सासरे वृद्धाश्रमात असतात?"

"नाही ना, सरांच्याच घरी असतात," अध्यक्ष म्हणाली. "म्हणून तर."